सुईवर उरलेलं कार्ड

दिवाळीची सुट्टी संपली की निगडीच्या आमच्या सोसायटीत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. सकाळी दूध घ्यायला जाताना अंगावर शाल लागते, आणि जिन्यात उभ्या राहिलेल्या आया मुलांच्या क्लासांबद्दल बोलायला लागतात. कुणाला स्केटिंगला घालायचं, कुणाला कथकला, कुणाला त्या यंत्रमानवाच्या वर्गाला. परवा शेजारची ओवी, वय वर्षं अकरा, आईचा फोन नाचवत माझ्याकडे आली.

"आजी, यानं मला वीस प्रश्न विचारले आणि सांगितलं की मी बुद्धिबळाला जावं."

"तुला आवडतं का बुद्धिबळ?"

तिनं खांदे उडवले. "माहीत नाही. पण त्याला कळतं ना."

मी हसले. मग उठून कपाटातून कापडी पिशवीत गुंडाळलेली एक पातळ, लांब विणायची सुई काढली आणि तिच्या हातात दिली. "आमच्याकडंही असा एक फोन होता," मी म्हटलं. "फक्त त्याला चार्जिंग लागत नसे."

तिला ती थट्टा वाटली. मला मात्र ती सुई हातात आल्या आल्या ऑइलचा वास आला. खरं तर सुईला आता कसलाच वास नाही. वास आहे तो माझ्या डोक्यात बसलेल्या त्या एका हिवाळ्याचा.

सत्तरचं दशक अर्धं उलटलं होतं. आकुर्डीच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते. राजगुरुनगरहून आलेली, एका खोलीत भाड्यानं राहणारी, आपल्याला सगळं कळतं असं मनापासून मानणारी सव्वीस वर्षांची बाई. शाळेच्या मागं ज्वारीचं एक शिवार उरलं होतं आणि पुढं कंपन्यांच्या भिंती सुरू होत होत्या. थंडीत हवा जड असायची. शिवारातल्या ओल्या मातीचा वास आणि कंपन्यांतल्या तेलाचा वास एकत्रच वर्गात यायचे. सकाळी सातला एक भोंगा, मग दुसरा, मग लांबचा तिसरा. प्रार्थना दुसऱ्या आणि तिसऱ्या भोंग्याच्या मध्ये उरकावी लागे. मुलंही तशीच, चहूकडून गोळा झालेली. देहूरोडला लष्कराच्या कारखान्यात वडील असलेली, मराठवाड्यातून कालपरवा आलेली, कोकणातली हेल काढून बोलणारी, आणि ज्यांच्या आजोबांच्या शेतात ती शाळाच उभी होती अशी. हजेरी घेताना मला रोज थोडं दडपण यायचं. एवढ्या गावांचं पाणी एका माठात कुणी ओतलं असेल, असं वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या तिसऱ्या शनिवारी छंदवर्गांची वाटणी व्हायची. लेझीम, गायन, चित्रकला, नाटक, शिवण, बागकाम, मैदान आणि माझं विज्ञान मंडळ, असे आठ वर्ग. जानेवारीत स्नेहसंमेलन असायचं, तेव्हा याच वर्गांतून कार्यक्रम बसत. वाटणीची पद्धत हेडसरांनी घालून दिलेली होती. सगळ्यांना मैदानात उंचीनं उभं करायचं आणि आकडे म्हणायला लावायचे, एक ते आठ. एक म्हणेल तो लेझीमला, दोन म्हणेल तो गायनाला. दहा मिनिटांत काम फत्ते. हेडसर भले गृहस्थ होते, पण त्यांना पोरांपेक्षा रांग जास्त आवडायची. त्यामुळं आमच्या गायनवर्गात घसा फुटलेली चार मुलं वर्षानुवर्षं आ वासून उभी असत आणि ज्याला ताल म्हणजे काय ते ठाऊक नाही तो लेझीम हलवत फिरे. पुढच्या वर्षी उंची वाढली की आकडा बदलायचा, तेवढीच सुटका.

त्या वर्षी वाटणीच्या दोन आठवडे आधी उस्मानभाई शाळेत आले. सातवीतल्या रुखसानाचे वडील. जवळच्याच एका कंपनीत हत्यारांच्या स्टोअरवर होते. आले ते तणतणतच.

"बाई, माझी पोरगी दिवसभर चित्रं काढते. भिंत सोडत नाही, माझी डायरी सोडत नाही. आणि गेल्या वर्षी तुम्ही तिला लेझीमला लावली! आमच्या स्टोअरला कुणी पाना मागितला आणि मी करवत दिली, तर फोरमन मला उभा जाळेल."

"उस्मानभाई, दोनशेच्या वर मुलं आहेत. कुणाला काय येतं ते कसं लक्षात ठेवणार?"

"माझ्याकडं हजारो हत्यारं आहेत. मी कुठं लक्षात ठेवतो?"

दुसऱ्या दिवशी ते सायकलला एक खोका बांधून घेऊन आले. कंपनीनं टाकून दिलेली जाड कार्डं. प्रत्येक कार्डाच्या चारी कडांना ओळीनं भोकं, आणि एक कोपरा तिरका कापलेला, म्हणजे गठ्ठ्यात एखादं कार्ड उलटं लागलं तर लगेच दिसावं. सगळ्याला तेलाचा वास. त्यांनी शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर वीस-पंचवीस कार्डं पसरली आणि प्रत्येक भोकाला एक अर्थ दिला. हे भोक गळ्याचं. हे हाताच्या कसबाचं. हे पळण्याचं. हे मातीत रमण्याचं. ज्या मुलात तो गुण असेल, त्याच्या कार्डावर त्या भोकापासून कडेपर्यंत कात्रीनं खाच पाडायची. नसेल तर भोक तसंच ठेवायचं. आम्ही सांगितलेल्या काही मुलांची कार्डं त्यांनी तशी कापली, मग सगळी एकत्र करून गठ्ठा उभा धरला, गळ्याच्या भोकातून ही सुई आरपार घातली, गठ्ठा उचलला आणि हलकेच हलवला.

खाच पाडलेली कार्डं टेबलावर गळून पडली. बाकीची सुईवर लटकत राहिली.

आम्ही सात-आठ शिक्षक तिथं उभे होतो. शिवणाच्या बाईंनी हात जोडल्यासारखे केले आणि मग स्वतःच लाजल्या. ढिगातून गाणारी मुलं आपसूक वेगळी झाली होती, कुणी नाव न घेता, कुणी न शोधता. मी विज्ञानाची बाई, यात चमत्कार काही नाही हे मला कळत होतं. तरी मी उस्मानभाईंना म्हटलं, "पुन्हा करा." ते हसून म्हणाले, "माझा साहेबसुद्धा पहिल्यांदा असंच म्हणाला होता."

मग आठवडाभर शाळेत कात्र्यांचाच आवाज. प्रत्येक वर्गशिक्षकानं आपल्या वर्गातल्या मुलांची कार्डं करायची. दुपारी ऊन व्हरांड्यात यायचं, तिथं आम्ही सतरंजी टाकून बसायचो. शेंगा खात, चहा पीत, "अहो, हा पळतो का हो?" असं विचारत. खाचांचे बारीक बारीक तुकडे सतरंजीत अडकून बसले. आपण मुलांना ओळखतो, असं त्या आठवड्यात आम्हाला फार वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी पहिली वाटणी मी करून पाहिली; खरी वाटणी पुढच्या शनिवारी होती. शेजारी हेडसर खुर्ची टाकून बसले होते. रांग गेल्याचं त्यांना वाईट वाटत होतं, पण सुईचं कौतुकही लपत नव्हतं. मी एकेक भोक घेत गेले. गळा, कसब, पळणं, ताल, वेश घेऊन उभं राहणं. दर वेळी काही कार्डं पडत, ती त्या त्या वर्गाच्या टोपलीत जात. सुई हलकी होत गेली. आठव्या भोकानंतर मी सुई रिकामी करायला कलती केली, तर एक कार्ड सरकत टोकाशी आलं.

पडायला राहिलेलं एकच कार्ड. त्यावर एकही खाच नव्हती. सिंधू ज्ञानोबा, इयत्ता आठवी.

मला वाटलं कुणी कापायचं विसरलं. आठवीच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "विसरलो नाही हो. काय कापू? मागच्या बाकावर बसते. बोलत नाही. त्रास देत नाही." त्रास न देण्याचं भोक आमच्या कार्डावर नव्हतं. मग ते सहज म्हणाले, "तसंही ती चाललीच आहे. वडिलांनी सांगितलंय, पुढच्या शनिवारी येऊन दाखला नेतो. पोरगी काही शिकत नाही, शाळेत तिचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही, म्हणतात."

सुईनं दोनशे मुलांबद्दल आम्हाला जे माहीत होतं तेवढंच सांगितलं होतं. माहीत नव्हतं ते मात्र तिनं टोकाशी लटकवून माझ्यासमोर धरलं होतं. आठ शिक्षक, तीन वर्षं, रोजची हजेरी, आणि एका मुलीबद्दल सांगण्यासारखं एवढंसं काही नाही. मला तिच्याबद्दल वाईट वाटायच्या आधी स्वतःची लाज वाटली.

सोमवारी मी तिला बोलावलं. दोन घट्ट वेण्या, कोपरापर्यंत वर गेलेला जुना स्वेटर, नजर खाली.

"तुला काय आवडतं गं?"

"काय न्हाई."

"घरी काय करतेस?"

"काय न्हाई."

खरं सांगते, मी इतकी गोंधळले की टेबलावरच्या टोपलीला माझा धक्का लागला आणि गायनाची सगळी कार्डं जमिनीवर सांडली. ती लगेच बसून गोळा करू लागली. तिरके कोपरे न सांगता एका बाजूला लावत होती. मग तिनं दोन कार्डं बाजूला ठेवली.

"ही का काढलीस?"

"ही चुकल्यात."

"कशावरून?"

मी वाट पाहिली. हे एक काम त्या दिवसापर्यंत मला कधी जमलं नव्हतं.

"कमल गाती, पर गान्याच्या वर्गात न्हाई गायाची," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "भरल्या खोलीत तिला धाप लागती. ती नळावर गाती, कोन नसलं म्हंजी. आन् ह्यो दिगंबर गात न्हाईच. नुसतं त्वांड हालवतो. त्याला नाटकात घ्या."

"दिगंबरला? तो तर बोलताना अडखळतो."

"सोताचं बोलताना. दुसऱ्याची नक्कल करताना न्हाई अडकत. रोज गेटाच्या बाहीर सरांची नक्कल करतो." मग तिला आपण काय बोललो ते कळलं आणि ती कानापर्यंत लाल झाली.

मी तिच्यासमोर सगळ्या टोपल्या ठेवल्या.

त्या दुपारी जे झालं त्याची आठवण आली की मी अजूनही आवाज खाली आणून बोलते. ही मुलगी तीन वर्षं मागच्या बाकावर, दाराशी बसली होती. सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या मागून जायची. एकेक कार्ड उचलून ती दोन-दोन शब्द बोलत गेली. मारुती सगळ्यांत जोरात पळतो, पण त्याच्या पायात काही नाही म्हणून मैदानाच्या वेळी पोट दुखतंय म्हणतो. देहूरोडच्या जोसेफला ताल आहे, तो बाकावर बोटं वाजवतो आणि मार खातो. लातूरकडच्या दोघी बहिणींना वेगळं केलं तर धाकटी येणारच नाही. तिची कुणाशी मैत्री नव्हती, पण शाळेतलं एकही पोर तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. कुणाबद्दल तिनं वाईट शब्द काढला नाही.

"तुला हे सगळं कसं माहीत?"

"दिसतं की," ती म्हणाली.

दिसतं की! मला पदवी होती, शिकवण्याचं प्रशिक्षण होतं, आता तर सुईही होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी नळामागच्या भिंतीआड जाऊन उभी राहिले. कमल आली, इकडंतिकडं पाहिलं, वर्गाच्या माठासाठी हंडी नळाखाली ठेवली आणि गाऊ लागली. तसा आवाज मी शाळेत कधी ऐकला नव्हता. पाणी हंडी भरून वाहायला लागलं तरी ती गात होती. मी भिंतीला टेकून रडले, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

मंगळवारपासून कार्डांचं काम सिंधूकडं गेलं. तिनं चुकीच्या खाचांवर कागद चिकटवला, नव्या पाडल्या. शिक्षक एकेक करून यायचे, आधी चेष्टेनं, मग खरोखरच विचारायला. "सिंधू, हा नवा मुलगा कुठं गं घालायचा?" ती म्हणायची, "दोन दिस बघू द्या." आठवीच्या सरांनी मारुतीसाठी आपल्या मुलाचे कॅनव्हासचे बूट आणले. फक्त तिच्या स्वतःच्या कार्डाला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. "माझं ऱ्हाऊ द्या," म्हणायची.

तिकडं शनिवार जवळ येत होता. मी हेडसरांना म्हटलं, वडिलांना समजावा. ते म्हणाले, "मी सांगून ऐकतील का? ते जिथं रखवालीला उभे असतात ना, ती कंपनी त्यांच्याच शेतावर झालीय. सरकारनं घेतलं. तेव्हापासून त्यांना कुणाचंच सांगणं पटत नाही." सिंधूला यातलं सगळं ठाऊक होतं. शुक्रवारी जाताना तिनं कात्री पुसून माझ्या टेबलावर ठेवली, जणू परत करते आहे.

शनिवारी साडेसातला ज्ञानोबा आले. खाकी गणवेश, वर घोंगडीवजा मफलर, हातात घडी घातलेला अर्ज. रात्रपाळी करून थेट आले होते. वाटणीचा दिवस असल्यामुळं हॉलमध्ये आम्ही सगळे होतो आणि मधोमध सिंधू सुई घेऊन बसली होती. तिच्याभोवती तीन शिक्षक कार्डं धरून उभे. ज्ञानोबा दारातच थांबले. तिथूनच ते हे सगळं बघत राहिले.

"ह्ये काय चाललंय?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. सुई, खाचा, आणि शाळेतलं प्रत्येक मूल तुमच्या लेकीला कसं ठाऊक आहे ते. मी जरा जास्तच बोलले असेन. ते कडवट हसले.

"मानसाला असं भोकातनं ववून कळतं व्हय, बाई? मंग माझंबी करा की कार्ड. बघू, मी कशात पडतो."

ते टोचून बोलले होते. सिंधूनं मान वर केली नाही. तिनं खोक्यातून एक कोरं कार्ड घेतलं, कात्रीनं एकच खाच पाडली आणि ते गठ्ठ्याच्या मधोमध सरकवलं. मग गठ्ठा उभा धरून एकेका भोकातून सुई घालू लागली. गळा. काही कार्डं पडली, ती बाजूला ठेवली. कसब. पळणं. दर वेळी ज्ञानोबांचं कार्ड सुईवर राहायचं आणि ते "बघा" अशा नजरेनं माझ्याकडं पाहायचे. बागकामाचं भोक सातवं होतं. सुई गेली, गठ्ठा वर उठला, तिनं तो हलवला.

अठरा-वीस कार्डं पडली. त्यातलं एक नवंकोरं, इतरांसारखं नाव न लिहिलेलं. तिनं ते उचलून वडिलांपुढं धरलं.

"ह्ये कशाचं भोक?"

"मातीचं, आबा."

ज्ञानोबांनी कार्ड घेतलं. उलटंपालटं केलं. "कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई." तिचा आवाज इतका बारीक होता की आम्ही सगळे पुढं झुकलो. "तुमी ड्यूटीवरनं आलात की पायातलं काडून परसात हुबं ऱ्हाता. त्या मेथीच्या वाफ्यात. रोज. चा गार हुईस्तवर. मी बगती."

ते अंगठा त्या खाचेवरून फिरवत राहिले. बाहेर कुठला तरी भोंगा झाला, त्यांनी सवयीनं मान वळवली आणि परत फिरवली. मग एकदम हेडसरांना म्हणाले, "तुमच्या बागंत कोन शिकवतं?"

"कुणी नाही हो. पोरं नुसतं पाणी घालतात."

"पानी सकाळच्याला घालायचं की सांजच्याला, ह्ये तरी ठावं हाय का त्यास्नी?" ते जवळजवळ रागावले. "कुदळ हाय का शाळंत?"

कुदळ सापडली. ज्ञानोबांनी दारात बूट काढले, मफलर कमरेला बांधला. बागकामाची अठरा मुलं त्यांच्यामागं गेली. हेडसरांना बिचाऱ्यांना काम अर्धवट ठेवणं जमत नसे, ते व्हरांड्यात जाऊन म्हणाले, "आणि ते दाखल्याचं?"

"कसला दाखला?" ज्ञानोबा मागं न बघता म्हणाले.

घडी घातलेला अर्ज बाकावर तसाच राहिला होता. सिंधूनं तो उचलला, त्यावरचे कार्डांचे तुकडे झटकले आणि पुढच्या भोकात सुई घातली.

पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात, ज्या शनिवारी पाळी जमेल त्या शनिवारी, ज्ञानोबा येत राहिले. सिंधू मॅट्रिक झाली, पुढं शिकली, लग्न होऊन चऱ्होलीला गेली. तिथं शाळेत शिकवते आहे, असं तिनं एकदा पत्रात कळवलं. त्या पत्रात स्वतःबद्दल दोन ओळी होत्या आणि आपल्या वर्गातल्या मुलांबद्दल चार पानं. शाळेतून पुढं ती कार्डं गेली, खोका गेला. शिवारही गेलं. मी निवृत्त होताना दोनच वस्तू मागून घेतल्या.

ओवीला दुसरी दाखवायची राहिली होती. मी पिशवीतून ते पिवळं पडलेलं कार्ड काढलं आणि ज्यात गुण असेल त्याचं कार्ड सुईवरून पडतं, एवढंच तिला सांगितलं. वर सिंधूचं नाव, चारी कडांची भोकं शाबूत, एकही खाच नाही. ओवीनं फोन बाजूला ठेवला, सुई एका भोकातून घातली आणि हलवली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. सगळी भोकं झाली.

"हे पडतच नाही, आजी. हिला काहीच येत नव्हतं का?"

मी तिच्याकडं पाहिलं. तीन वर्षं शेजारी राहते. रोज जिन्यात भेटते. तिला काय आवडतं ते मला माहीत नव्हतं.

"सांगते," मी म्हटलं. "आधी तू जरा बस इथं. मला बघू दे."